सुताला तहान लागते तेव्हा

लालबागच्या एखाद्या जुन्या चाळीतली दहा बाय बाराची खोली घ्या. छत दहा फुटांवर. सगळं सामान गॅलरीत काढून ठेवा, माठ रिकामा करा, मोरी कोरडी पुसा, दारं-खिडक्या लावून घ्या. आता या मोकळ्या, कोरड्या खोलीत पाणी किती असेल?

जुलै महिना असेल तर पाऊण लिटरहून जास्त. भिंतीत मुरलेली ओल यात धरलेली नाही. हे पाणी निव्वळ हवेतलं. ते दिसत नाही, हाताला लागत नाही. पण फ्रिजमधली बाटली आणून ठेवा, दोन मिनिटांत त्यातले काही थेंब बाटलीच्या अंगावर हजर होतात.

आता तीच खोली जानेवारीतल्या एखाद्या कोरड्या दुपारी बघा. हवेतलं पाणी जेमतेम तिसरा हिस्सा लिटर उरलेलं असतं. अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी गायब! आणि एवढ्याशा फरकाने काय काय होतं बघा. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, घसा खवखवतो, स्वेटर काढताना कडकड आवाज होतो, तबल्याचा स्वर चढतो. खोलीतल्या सगळ्या हवेचं वजन आहे चाळीस किलो. त्यातलं अर्धा किलोही पाणी इकडचं तिकडे झालं नाही, तरी माणसाच्या कातडीपासून तबल्याच्या पुडीपर्यंत सगळ्यांना ते कळलं.

हवेचं वजन निघालंच आहे तर आणखी एक नवल सांगतो. पावसाळ्यातली हवा आपल्याला जड वाटते, छातीवर बसल्यासारखी. प्रत्यक्षात दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. हवेत मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन, त्यांच्या रेणूंची वजनं २८ आणि ३२. पाण्याच्या रेणूचं वजन फक्त १८. वाफ हवेत शिरते तेव्हा त्या जड रेणूंना बाजूला सारून स्वतः जागा घेते, आणि एकूण हवा हलकी होते. जड होतो तो आपला जीव, कारण घाम वाळत नाही.

मग जानेवारीत ते अर्धा लिटर पाणी जातं कुठे? मुंबईला तर तीन बाजूंनी समुद्र.

उत्तर शाळेच्या भूगोलात होतं, आपण ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. डिसेंबर ते फेब्रुवारीत मतलईचा जोर वाढतो. देशावरची कोरडी, गार हवा घाट उतरून मुंबईकडे येते. उतरताना तिच्यावरचा दाब वाढतो, आणि दाबली गेलेली हवा तापते, हजार मीटर खाली आली की जवळपास दहा अंशांनी. म्हणजे मुळात कोरडी असलेली हवा वाटेत आणखी तापून इथे पोहोचते. एरवी दुपारपर्यंत खारा वारा सुटतो आणि ओलावा परत घेऊन येतो. पण एखाद्या दिवशी मतलईने हट्ट धरला, खारा वारा उशिरा आला, की पारा ३५ अंशांवर जातो आणि हवेतला दमटपणा तीस टक्क्यांखाली उतरतो. तोही भर जानेवारीत, अरबी समुद्राच्या काठावर. कुलाब्याच्या वेधशाळेची स्थापना १८२६ सालची. मुंबईच्या हवेचे हे लहरी खेळ तिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या वहीत टिपत आली आहेत.

हे ‘तीस टक्के’ म्हणजे कशाचे तीस टक्के? इथे बहुतेकांची गफलत होते. हवेत तीस टक्के पाणी असतं असा त्याचा अर्थ नाही. समजा, लोकलमध्ये काही हजार माणसं चढली आहेत. गाडी नऊ डब्यांची असेल तर श्वास घ्यायला जागा नाही, पंधरा डब्यांची असेल तर तीच माणसं ऐसपैस. माणसं तेवढीच, गर्दी वेगळी. हवा तापते तेव्हा तिला डबे जोडले जातात. दहा अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सव्वानऊ-साडेनऊ ग्रॅम वाफ मावते, वीस अंशांना सतरा ग्रॅम, तीस अंशांना तीस ग्रॅम. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे ते टक्के, ही गर्दी मोजतात, प्रवासी मोजत नाहीत. आणि आपली त्वचा, लाकूड, कागद, कापूस हे सगळे गर्दीला प्रतिसाद देतात.

एवढं समजलं की न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या आपल्या माणसांची तक्रारही उलगडते. बाहेर शून्य अंश, बर्फ, धुकं, आणि घरात मात्र दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी. शून्य अंशांच्या हवेत वाफ मावते पाच ग्रॅमांहूनही कमी. तीच हवा घरात घेऊन बावीस अंशांपर्यंत तापवली की टक्का शंभरावरून पंचविसावर येतो. पाण्याचा एक थेंबही न काढता घर वाळवंट होतं! तिकडे ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, ही चैनीची वस्तू नाही, ती हिवाळ्यातली गरज आहे.

खरं तर एक ह्युमिडिफायर आपण जन्मतःच घेऊन येतो. नाक. फुप्फुसांना हवी असते ३७ अंशांची, पूर्ण भिजलेली हवा, म्हणजे घनमीटरला ४४ ग्रॅम वाफ. बाहेरची हवा दहा ग्रॅमांची असली तरी नाकातून घशाखाली उतरेपर्यंत, सेकंदाभराच्या आत, उरलेले चौतीस ग्रॅम तिच्यात मिसळले जातात. दिवसभरात आपण साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. हिशेब करा, नाक आणि श्वासमार्ग रोज तिसरा हिस्सा लिटर पाणी हवेला पुरवतात. त्यातलं काही पाणी उच्छ्वासाच्या वेळी नाकाच्या गार झालेल्या अस्तरावर परत जमा होतं, इतकी काटकसर. बाहेरची हवा फार कोरडी झाली की या व्यवस्थेवर ताण येतो. श्वासमार्गातला चिकट द्रव घट्ट होतो, धूळ बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस मंदावतात, आणि सकाळी उठल्यावर घसा तक्रार करतो.

पण मुंबईत हवेतल्या पाण्याचा सगळ्यात काटेकोर हिशेब ठेवला गेला तो नाकासाठी नाही, सुतासाठी. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, भायखळा, दादर. जिथे आज उंच टॉवरमध्ये लोक उशाशी ह्युमिडिफायरचं छोटंसं यंत्र ठेवून झोपतात, त्याच जमिनीवर शंभर वर्षांपूर्वी हवेला पाणी पाजणारी अजस्र यंत्रं दिवसरात्र चालत होती.

सुताला पाणी कशाला हवं? त्यासाठी कापसाचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवा. बोंड बंद असतं तेव्हा हा तंतू एक नाजूक पोकळ नळी असतो, आत रस भरलेला. बोंड फुटतं, रस वाळतो, नळी चपटी होते आणि वाळता वाळता स्वतःभोवती पीळ घेते. जो पीळ घालायला माणसाने चाती आणि चरखा शोधला, त्याची सुरुवात कापूस झाडावरच करून ठेवतो. हा तंतू जवळपास पूर्ण सेल्युलोजचा, आणि सेल्युलोजच्या साखळीवर जागोजागी पाण्याचे रेणू पकडून ठेवणारी टोकं. म्हणून कापूस सतत हवेशी देवाणघेवाण करत असतो. हवा दमट झाली की पाणी घेतो, कोरडी झाली की सोडून देतो. शंभर किलो पूर्ण वाळवलेला कापूस ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत नुसता ठेवला तर तो सात-आठ किलो पाणी हवेतून ओढून घेतो! व्यापारात हे प्रमाण साडेआठ टक्के धरतात. कॉटन ग्रीनच्या गोदामांत गासड्यांची उलाढाल व्हायची, तेव्हा प्रत्येक तोलात हवेतलं हे पाणीही तोललं जात होतं.

आणि आता खरं आश्चर्य. लोकर भिजली की कमजोर होते. रेशीमही. व्हिस्कोस रेयॉन तर फारच. कापूस मात्र भिजल्यावर अधिक मजबूत होतो. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर सुती चादरी पिढ्यान्‌पिढ्या दगडावर आपटल्या गेल्या आणि टिकल्या, त्याचं एक कारण हेच. पाणी शिरलं की तंतू फुगतो, मुख्यतः जाडीत, लांबीत फारच थोडा. आतल्या साखळ्यांना थोडं सरकायला वाव मिळतो आणि ओढ एका ठिकाणी न साचता सगळ्यांमध्ये वाटली जाते. कोरडा तंतू ताठ, ठिसूळ. ओलसर तंतू लवचिक, चिवट.

गिरणीत या एका गुणावर सगळं अवलंबून होतं. कापूस पिंजायला घेतला, रुळांमधून ओढला, की घर्षणाने त्याच्यावर विजेचा भार जमतो. दमट हवेत तंतूंवरच्या पाण्यामधून तो भार हळूच निघून जातो. कोरड्या हवेत जायला वाट नाही. मग तंतू एकमेकांना दूर लोटतात, ताठ उभे राहतात, रुळांना गुंडाळले जातात, उडून सगळीकडे पसरतात. तुमच्या स्वेटरमध्ये होणारी कडकड हजारो चात्यांवर एकदम होते अशी कल्पना करा.

विणाईत तर त्याहून कठीण. गिरणी कामगार मागाला साचा म्हणत आणि विणाईच्या विभागाला साचेखाते. साच्यावर ताण्याचे, म्हणजे उभे, दोन-तीन हजार धागे शेजारी शेजारी ताणलेले असतात. आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडे जातो. प्रत्येक फेरीला ताण्याचे धागे वर-खाली होतात, वईतून घासतात, फणीतून घासतात. हा मार सोसावा म्हणून धाग्यांना आधी खळ देतात. पण खळही शेवटी पिठूळ पदार्थांची. हवा कोरडी झाली की तिचा लेप तडकतो, भुकटी होऊन खाली पडतो, आणि उघडा पडलेला धागा तुटतो. तार तुटली की साचा थांबवा, सांधा, पुन्हा चालू करा. एक तार तुटली तर काहीच नाही. शेकडो साच्यांच्या खात्यात दर थोड्या वेळाने तारा तुटू लागल्या, तर उत्पादन कोसळतं, कापडात दोष येतात, आणि तुकड्यावर मजुरी असलेल्या विणकऱ्याचा पगार कमी होतो. हवेतलं पाणी आणि घरी पोहोचणारा पैसा यांचा संबंध इतका थेट होता.

म्हणून सूत कातायच्या खात्यात साधारण ५५ ते ६५ टक्के, साचेखात्यात ७५ ते ८५ टक्के आर्द्रता ठेवायची. एकाच छपराखाली वेगवेगळी हवामानं, बाहेर जानेवारी असो वा जुलै.

मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभारली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. मुंबई हे गिरण्यांचं शहर झालं ते इथल्या दमट हवेमुळे, असं पुष्कळदा सांगितलं जातं. मला हे अर्धंच खरं वाटतं. बंदर होतं, कापसाच्या व्यापारातला पैसा होता, कोकणातून आणि घाटावरून येणारे कष्टाळू हात होते. दमट हवेने हातभार लावला हे नक्की. इंग्लंडमध्येही कापडधंदा पश्चिमेकडच्या ओलसर लँकेशायरमध्येच फोफावला होता. पण आपण पाहिलं, मुंबईची हवाही दर हिवाळ्यात दगा देते. आणि साचेखात्याला हवी असलेली आर्द्रता तर समुद्रकाठीही बारा महिने आयती मिळत नाही.

आयती मिळत नसेल तर निर्माण करता येईल का? या प्रश्नाचं धाडसी उत्तर दिलं गेलं ते मुंबईत नाही, नागपुरात. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस पिकवणाऱ्या मुलखाच्या मधोमध, पण जिथे उन्हाळ्यात कातडी भाजून निघते अशा ठिकाणी. कोरडेपणाच्या हिशेबाने बघितलं तर कापडगिरणीसाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही! एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी हवा दमट करणारी यंत्रणा बसवली. भारतातली ती पहिलीच मानली जाते. समुद्र नसलेल्या गावात समुद्रकाठची हवा तयार करायची, तीही विजेचे पंखे सर्रास नव्हते त्या काळात. मला तर ही कल्पनाच थरारक वाटते.

हवा दमट करायचा सगळ्यात सोपा, आणि सगळ्यात क्रूर मार्ग म्हणजे बॉयलरमधली वाफ सरळ खात्यात सोडणं. सूत खूष. माणूस? माणसाचं शरीर बसल्या बसल्याही शंभर वॉटच्या जुन्या दिव्याएवढी उष्णता टाकत असतं, काम करताना त्याच्या कितीतरी पट. ती उष्णता बाहेर टाकायचा भर उन्हाळ्यातला मुख्य मार्ग घाम, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जवळपास ५८० कॅलरी उष्णता जाते. पण हवेत आधीच ८० टक्के गर्दी असेल तर घामाला जागा कुठे? जी हवा सुताला टिकवते तीच माणसाला थकवते, असा हा पेच होता. लँकेशायरच्या विणकऱ्यांनी या वाफेविरुद्ध झगडा केला आणि १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये खास कायदा आला: खात्यात किती तापमानाला किती ओलावा चालेल याची कोष्टकंच ठरवून दिली गेली.

कोष्टक पाळायचं तर मोजायला हवं. न दिसणारं पाणी मोजायचं कसं? जिनिव्हाच्या होरास बेनेडिक्ट द सोस्यूरने १७८३ मध्ये याचं जे उत्तर मांडलं ते ऐकून हसू येईल. माणसाचा केस! धुऊन, तेल काढून टाकलेला केस कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला तर सुमारे अडीच टक्के लांब होतो. त्याच्या टोकाला काटा बांधला की झालं आर्द्रतामापक. अशी उपकरणं पुढे दीडशे-दोनशे वर्षं जगभर वापरात होती. पावसाळ्यात केस ऐकत नाहीत ही तुमची तक्रार म्हणजे प्रत्यक्षात एक अचूक वेध आहे.

गिरण्यांमध्ये मात्र दोन तापमापक शेजारी शेजारी टांगत. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्यावर ओल्या मलमलीची पट्टी. ओल्या पट्टीतलं पाणी वाळतं तसा तो तापमापक थंड होतो. हवा जितकी कोरडी तितका दोघांत फरक जास्त, हवा पूर्ण भिजलेली असेल तर फरक शून्य. दोन आकडे वाचायचे, तक्त्यात बघायचे, टक्का मिळाला. मला यातली विलक्षण गोष्ट अशी वाटते की तो ओला तापमापक म्हणजे घामाने भिजलेल्या माणसाचीच नक्कल आहे. तो जो आकडा दाखवतो त्याहून थंड माणूस कितीही घाम गाळून होऊ शकत नाही. आज उष्णतेच्या लाटांच्या बातम्यांत ‘वेट बल्ब’ तापमान येतं ते हेच. ते ३५ अंशांना पोहोचलं तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही फार काळ तग धरू शकत नाही. आपल्या साचेखात्यांच्या भिंतींवर हा धोका मोजणारं साधं उपकरण किती तरी दशकं टांगलेलं होतं.

सुताचा आणि माणसाचा हा पेच सोडवला तो पंख्याने आणि फवाऱ्याने. वाफ सोडण्याऐवजी बाहेरची हवा एका मोठ्या कोठडीत ओढायची, तिथे बारीक फवाऱ्यांतून पाण्याचा पडदा उभा करायचा, हवा त्यातून गेली की भिजते आणि पाणी उडवताना स्वतःची उष्णता खर्च करून थंडही होते. पुढे नागमोडी पट्ट्या असतात. हवा वळते, जड थेंब वळू शकत नाहीत, पट्ट्यांवर आदळून खाली गळतात. थेंब मागे, वाफ पुढे. ती गार, ओलसर हवा छताजवळच्या रुंद नळ्यांतून साऱ्या खात्यावर सोडायची. एअर कंडिशनिंगचा जन्मही याच चिंतेतून झाला. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये आपली यंत्रणा आखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, जिथे दमटपणाने कागद फुगून रंग सरकत होते. आणि ‘एअर कंडिशनिंग’ हे नाव १९०६ मध्ये दिलं ते अमेरिकेतल्या कापडगिरण्यांची हवा सुधारणाऱ्या स्टुअर्ट क्रॅमरने. माणसाच्या सुखाचा विचार नंतर आला. आधी आली ती कागदाची आणि सुताची सोय.

आपल्याकडे १९२० च्या दशकात सरकारने टी. मलोनी या तज्ज्ञाकडून गिरण्यांमधल्या दमट हवेची पाहणी करून घेतली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम १५ आलं. कारखान्यात कृत्रिमरीत्या ओलावा वाढवायचा असेल तर त्याची मर्यादा, मोजणी आणि खेळत्या हवेची सोय यांचे नियम राज्य सरकारने करावेत असं त्यात म्हटलं होतं. त्यातली एक तरतूद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थक्क झालो: हवा दमट करायला वापरलेलं पाणी सार्वजनिक पुरवठ्यातलं किंवा पिण्यायोग्य स्रोतातलं असलं पाहिजे, नाहीतर ते नीट शुद्ध केलेलं असलं पाहिजे. किती साधी, किती खोल समज! जे पाणी हवेत जाणार ते छातीत जाणार, तेव्हा ते पिण्याच्या लायकीचंच हवं.

आता उशाशी ठेवलेल्या त्या यंत्राकडे येऊ. पाऊण फूट उंचीचं, आवाज जवळपास नाही, वरून थंड धुकं निघतंय. वाफ म्हणावी तर चटका नाही. मग पाणी उडतंय कसं? तळाशी रुपयाच्या नाण्याएवढी चिनी मातीच्या जातीची एक चकती असते. तिला विजेचा झटका दिला की ती किंचित फुगते, उलटा दिला की आकसते. या जातीच्या पदार्थांचा हा स्वभाव पिएर आणि जाक क्युरी या भावांच्या १८८० च्या शोधातून पुढे आला. यंत्रातली चकती असं सेकंदाला सुमारे सतरा लाख वेळा करते. आपला कान वीस हजारांच्या वर ऐकत नाही, म्हणून शांतता. पाण्याच्या पृष्ठभागावर इतक्या बारीक लाटा उठतात की त्यांचे शेंडे तुटून हवेत उडतात, एकेक थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून थोडा मोठा. डोक्याच्या केसाच्या जाडीत असे दहा-वीस थेंब शेजारी शेजारी मावतील. हे थेंब हवेत काही क्षणांत विरतात, आणि विरताना खोली किंचित थंड करतात.

पण यात एक गोम आहे, आणि ती कळली की १९४८ च्या कायद्याचा शहाणपणा पुन्हा आठवतो. पाणी उकळून वाफ केली तर क्षार आणि जंतू भांड्यात मागे राहतात. या यंत्रात मात्र पाणी जसं आहे तसं फोडलं जातं. पाण्यात जे असेल ते थेंबाबरोबर उडतं आणि नाकात येतं. क्षार असतील तर फर्निचरवर पांढरी भुकटी दिसते. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांचं मऊ पाणी मिळतं हे आपलं नशीब. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर ते यात घालू नका. टाकीत पाणी दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर बुळबुळीत थर धरतो आणि तोही हवेत जातो. अशा दूषित यंत्रांमुळे कारखान्यांतल्या आणि कचेऱ्यांतल्या लोकांना येणाऱ्या तापाला वैद्यकशास्त्रात ‘ह्युमिडिफायर फीव्हर’ असं नावच आहे. म्हणून रोज पाणी बदला, टाकी धुऊन कोरडी करा. आणि टाकीत जंतुनाशक कधीही घालू नका. दक्षिण कोरियात अशी रसायनं घरोघर विकली गेली. ती थेंबांबरोबर लोकांच्या फुप्फुसांत पोहोचली, आणि २०११ मध्ये हा प्रकार उघडकीस येईपर्यंत कित्येकांचे, त्यात लहान मुलांचेही, प्राण गेले होते.

हे यंत्र मुंबईत लागतं का? माझं स्पष्ट मत असं की वर्षातले बहुतेक महिने अजिबात नाही. चाळीतल्या खोलीला तर ते कधी लागलंच नाही. प्रत्येक माणूस श्वासातून आणि त्वचेतून दिवसाला अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत सोडतो. खोलीत सहा-सात माणसं, चुलीवर भाताचं आधण, मोरीत सकाळच्या आंघोळी, दोरीवर ओले कपडे. ती खोली स्वतःच एक यंत्र होती. टॉवरमधल्या बंद बेडरूममध्ये दोन माणसं, कपडे वाळवायचं यंत्र वेगळं, स्वयंपाकघर लांब, आणि रात्रभर चालणारा एसी हवेतलं पाणी नळीने बाहेर टाकतोय. तिथे जानेवारीत टक्का खाली जाऊ शकतो.

किती हवा? माणसासाठी ४० ते ६० टक्के. चाळिसाच्या खाली नाक-घसा कुरकुरतात. पन्नाशीच्या वर धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना बरं वाटू लागतं, सत्तरीला बुरशी कपाटामागे संसार मांडते. दम्याचा त्रास असलेल्या घरात हे विशेष सांभाळा. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीचा हिशेब केला तर तीस टक्क्यांवरून पन्नासवर जायला लागतं पेलाभर पाणी. पण खिडकी उघडी असेल तर तासाभरात खोलीतली हवा अनेक वेळा बदलते आणि तुमचा तो पेला परळच्या आभाळात जातो. तेव्हा खिडकी उघडी आणि यंत्र चालू, हे दोन्ही एकदम करण्यात अर्थ नाही. साधा ओला टॉवेल खुर्चीवर टाकला तरी बरंच काम होतं, आणि तो धुवायलाही सोपा.

यंत्र घेण्याआधी काही शे रुपयांचं आर्द्रतामापक घ्या आणि आठवडाभर आकडा बघा, सकाळी मतलई वारा असताना आणि संध्याकाळी खारा वारा आल्यावर. आकडा चाळिसाखाली जातच नसेल तर पैसे वाचले. आणखी एक करा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वेळी पंचविशीत असलेली माणसं आज सत्तरीत आहेत. तुमच्या इमारतीत, तुमच्या नात्यात साचेखात्यात काम केलेले कुणी आजोबा असतील, तर खात्यातली हवा कशी असायची, तारा कधी जास्त तुटायच्या, हे त्यांना विचारा आणि लिहून ठेवा.